पॉइंटातलं वजन

बाईंचं स्वतःचं वजन एकोणनव्वद किलो होतं आणि कुठल्याही गावात गेल्यावर त्या आधी ते जाहीर करत. देवळापुढे किंवा शाळेच्या ओट्यावर सपाट जागा बघायची, प्लायवूडचा चौकोनी तुकडा टाकायचा, त्यावर वजनकाटा ठेवायचा, चपला काढून चढायचं आणि ओरडायचं, "एकोणनव्वद! याच्यापेक्षा जास्त असेल त्यानं लाजावं. बाकीच्यांनी या." रजिस्टरात प्रत्येक गावाच्या पानावर पहिली नोंद त्यांची स्वतःची असे. ती सगळी रजिस्टरं माझ्या हातून गेली आहेत. सहा वर्षांत बाई सत्त्याऐंशीच्या खाली आल्या नाहीत आणि एक्क्याण्णवच्या वर गेल्या नाहीत.

मी त्याआधी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. कारखाना बंद पडला. गावोगावी एचआयव्हीचं काम करणारी एक छोटी संस्था नाशकात होती, तिला अहवाल लिहायला माणूस हवा होता. मला आकड्यांखेरीज दुसरं काही येत नव्हतं आणि त्यांना आकड्यांखेरीज सगळं येत होतं. तेव्हा नट-बोल्ट मोजणारा मी भेटी, सभा आणि निरोध मोजू लागलो. हे दोन हजार सालाच्या आसपासचं.

बाई सरकारी नर्स म्हणून निवृत्त होऊन संस्थेत आल्या होत्या. सगळी नोकरी एकाच तालुक्यात, म्हणून तालुका स्वतःच्या मालकीचा असल्यासारखं वागणं. पस्तिशीच्या आतल्या कुणालाही त्या 'तू' म्हणत, कारण त्यातल्या निम्म्यांची नाळ त्यांनीच कापलेली. आमच्या कामातल्या एका गावाचा सरपंच चांगला मिशीवाला, बुलेटवाला माणूस होता. तो एकदा सभेत मध्येच बोलायला लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, "तू गप. तू पायाळू होतास. तुला बाहेर काढताना माझी पाठ धरली, ती अजून सुटली नाही." सरपंचाची आई समोरच बसली होती. ती म्हणाली, "खरंय त्यांचं. तू लय तरास दिला." सरपंच खाली बसला.

संस्थेची एक जीप होती आणि तिच्या दोन्ही दारांवर एड्सची खूण म्हणून लाल रिबीन रंगवलेली होती. बाईंनी पहिल्याच दिवशी त्या जीपमध्ये बसायला नकार दिला.

"का हो?" मी विचारलं. "जीप असताना एसटीनं जायचं?"

"ही जीप ज्याच्या दारात उभी राहते, त्याच्या घरी दिवस मावळायच्या आत पाणी बंद होतं," बाई म्हणाल्या.

हे त्या उगाच म्हणत नव्हत्या. त्या येण्याआधी एका गावात तसं झालं होतं. आमचे कार्यकर्ते एका आजारी माणसाला भेटायला चार वेळा गेले. पाचव्या वेळी त्या घराला कुलूप होतं. घरातली माणसं कुठे गेली ते शेजारी सांगेनात. मी अहवालात 'भेटी : चार' असं लिहिलं होतं.

बाईंनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे वजनकाटा. आजारी माणसाचं दर महिन्याला वजन घेणं तर भागच होतं. तेव्हा खेड्यातल्या माणसाला परवडतील अशा गोळ्या नव्हत्या. वजन घटतंय, तोंड आलंय, खोकला जात नाही, अशा खुणांवरून दवाखान्यात कधी न्यायचं ते ठरवावं लागे. पण एकाचंच वजन घेतलं तर गाव विचारणार, याचंच का? म्हणून बाई सगळ्या गावाचं वजन घेत. त्या आजाराचं नाव तोंडातून काढत नसत. "वजनाचं काम आहे," एवढंच. बायकांची नऊवारी असेल तर एक किलो वजा, असा त्यांनी स्वतःच नियम केला होता. पाचवारीला सूट नव्हती. यावरून दोन-तीन घरांत सासवा-सुनांची भांडणं झाली.

पहिलं रजिस्टर माझ्याकडे आलं तेव्हा मी हादरलो. त्या सरपंचाच्या गावाची नावं एकशे शहाऐंशी.

"बाई, यातली आपल्या उपयोगाची किती?"

"तीन."

"आणि बाकीची एकशे त्र्याऐंशी?"

"ती त्या तिघांची पांघरुणं."

"पण मला ती अहवालात कुठल्या रकान्यात धरायची?"

"रकाना तुम्ही शोधा, आकडेमास्तर. मला अजून चार गावं आहेत."

ते तिघं कोण हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. तसा नियमच होता. रुग्णांची नावं बाईंच्या डोक्यात असत, ऑफिसात फक्त क्रमांक येत.

वजन झाल्यावर घरोघरी चहा. आजारी माणसाच्या घरी चहा घ्यायचाच, हा त्यांचा हट्ट. आपल्या हातचं कुणी खात-पीत नाही असं त्या घरातल्यांना वाटावं, हे त्यांना सहन होत नसे. पण तिथे घेतला तर सगळीकडे घ्यायला हवा. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो त्या दिवशी आम्ही एकोणीस घरी अर्धा-अर्धा कप चहा घेतला. म्हणजे साडेनऊ कप. अकराव्या घरानंतर माझ्या पोटात आग पडली. सोळाव्या घरी मी 'नको' म्हणालो, तर बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. एकोणनव्वद किलोंचा.

त्यांचं दुसरं काम मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ढाब्यांवर. तिथे ट्रकवाल्यांना माहिती सांगायची आणि निरोध द्यायचे. आमची तरुण पोरं तिथे पोस्टर दाखवून बोलत आणि ड्रायव्हर दात काढून हसत. बाई छत्रीच्या दांड्यानं ट्रकचं दार वाजवत. "खाली उतर. आई आलीय." झोपेतून उठलेला ड्रायव्हर खरोखरच उतरे. घरी कोण कोण आहे, मुलं किती, बायकोला शेवटचं कधी भेटलास, अशी चौकशी बाई आपल्या हिंदीत करत. त्यांच्या हिंदीत क्रियापद तेवढं हिंदी असे. एका सरदारजीनं खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. बाईंनी त्याच्या ओंजळीत पाकिटं ठेवली, तर त्यानं ती डोळे मिटून कपाळाला लावली. "अरे, माथे को नको लगा," बाई ओरडल्या. "माथे का काम नहीं है उसका. नीट सुन." ढाब्याचा मालक हसून हसून खाटेवरून पडला.

या सगळ्यात माझं एक दुखणं होतं. बाईंचं रजिस्टर. नावापुढे वजन लिहिलेलं असे बावन्न, सत्तेचाळीस, त्रेसष्ट. सगळं पूर्ण किलोत. मी स्टोअरमध्ये ग्रॅमपर्यंत नोंद ठेवलेला माणूस, मला हे बघवत नसे. पण त्या सरपंचाच्या गावाच्या पानांत तीन नोंदी वेगळ्या दिसल्या. एक एक्केचाळीस पॉइंट तीन, एक पन्नास पॉइंट सात, एक सेहेचाळीस पॉइंट दोन. मागचे महिने बघितले. तेच तिघं, प्रत्येक वेळी पॉइंटात. बाकी गाव ढोबळ.

आता हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मला एवढंच वाटलं, की या रजिस्टरात नीट घेतलेल्या नोंदी फक्त तीन आहेत. काटा बरोबर आहे की नाही हे तपासायचं, तर याच तिघांचं वजन पुन्हा घेऊन पडताळावं. तपासणी आधी सांगून करायची नसते, हे मी कारखान्यात शिकलो होतो. म्हणून बाईंना काही बोललो नाही. पुढच्या फेरीला त्यांच्याबरोबर एसटीत बसलो.

सकाळी दहाचा सुमार. मारुतीच्या देवळापुढे काटा मांडला. बाईंनी आपलं एकोणनव्वद जाहीर केलं आणि शेजारच्या घरात एका बाळंतिणीला बघायला गेल्या. पारावर तीस-चाळीस माणसं जमलेली. सरपंच बुलेटला टेकून उभा. मी रजिस्टर उघडलं आणि घसा साफ करून म्हणालो, "आज पडताळणी आहे. मी फक्त तीन नावं वाचतो. तेवढ्यांनी पुढे या." आणि पहिलं नाव वाचलं.

ते नाव इथे लिहीत नाही. एकदा मोठ्यांदा घेतलं तेवढं पुष्कळ झालं.

ती अंगणवाडीतली मदतनीस होती. चाळीसेक पोरांची खिचडी रोज तिच्या हातची. नवरा ट्रकवर होता, कावीळ होऊन गेला असं गावाला माहीत होतं. ती देवळामागच्या अंगणवाडीच्या दारात हातात डाव घेऊन उभी होती. नाव ऐकलं आणि तिचा चेहरा असा झाला, की मी दुसरं नाव वाचायचं थांबलो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चाळीस पोरांच्या आया त्याच गावात होत्या.

पिठाच्या गिरणीवाला पारावर बसला होता. तो म्हणाला, "तिचंच काय म्हून? तिला काय झालंय?"

 गिरणीवाल्याची बायको अंगणवाडीच्या दाराकडे बघायला लागली. मग दुसरी एक बघायला लागली. माझ्या हातातलं रजिस्टर उघडं होतं आणि मला ते मिटायचंही सुचेना.

"तिला काय व्हायचंय?" बाई बाळंतिणीच्या दारातून ओरडल्या. त्या पळत आल्या असं म्हणवत नाही, पण आल्या लवकर. "तिचं वजन पॉइंटात आहे. तुझं आहे का?"

"पॉइंटात म्हंजी?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"म्हणजे पुरं. दशांशापर्यंत. ती काट्यावर सरळ उभी राहते, म्हणून तिचं नीट येतं. तुम्ही सगळे चढलात की हलता, हसता, खाली वाकून बघता. तुमचं वजन मी आपलं अंदाजपंचे लिहिते. साहेब नाशकाहून तपासायला आलेत. त्यांना सगळ्या गावात नीट वजनाची तीनच माणसं सापडली. आता मी त्यांना काय तोंड दाखवू?"

सरपंच बुलेटपासून सरळ झाला. "माझं बी अंदाजपंचे?"

"तुझं तर अजिबातच खरं नाही. खिशात किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा घेऊन चढतोस."

"हे बरोबर नाय बाई," सरपंच म्हणाला. त्याला खरंच लागलं होतं. "अंगणवाडीच्या मदतनिसाचं पॉइंटात आन सरपंचाचं ढोबळ? तालुक्याला वाचलं तर काय म्हनतील? ते काय नाय. माझं पॉइंटात करा. आत्ताच्या आत्ता."

"मंग आमचं काय?" गिरणीवाला उठला. "आमी काय कोंडा खातो व्हय?"

सरपंचाची आई काठी टेकत पुढे आली. "मलाबी पॉइंट द्या."

पाच मिनिटांत काट्यापुढे रांग लागली. शेतातून माणसं बोलावून आणली. मागच्या महिन्यात वजनाला न आलेले दोघं आले आणि आपलं नावच नाही म्हणून भांडले. अंगणवाडीच्या दाराकडे आता कुणी बघत नव्हतं. सगळे सरपंचाकडे बघत होते. तो किल्ल्या, घड्याळ, पाकीट आणि कमरेचा पट्टा आईच्या हातात देऊन श्वास रोखून काट्यावर उभा होता.

मी बाईंच्या कानाशी गेलो. "बाई, या काट्यावर अर्ध्या किलोच्या पुढे रेघच नाही. पॉइंट आणायचा कुठून?"

"त्या तिघांना मी तीन-तीनदा चढवते आणि सरासरी काढते."

"मग एकशे शहाऐंशी जणांना तीन वेळा? म्हणजे पाचशे अठ्ठावन्न..."

"अहो, लिहा काहीतरी!"

"काहीतरी म्हणजे काय?"

"तुम्ही आकडेमास्तर. तुमच्याकडे आकड्यांचा काय तुटवडा आहे?"

माझ्या आयुष्यात मी तोवर खोटा आकडा लिहिला नव्हता. त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत मी एकशे ब्याऐंशी लिहिले. बाई किलो ओरडत आणि मी पॉइंट जोडत असे. तरी एक पथ्य पाळलं. अर्ध्या किलोच्या रेघांवर तीन वेळा वजन घेऊन सरासरी काढली, तर पॉइंटानंतर शून्य, दोन, तीन, पाच, सात किंवा आठ एवढेच आकडे येऊ शकतात. एक, चार, सहा आणि नऊ येतच नाहीत. ते मी कटाक्षानं टाळले. सरपंचाला मी एक्क्याऐंशी पॉइंट आठ दिला. त्यानं तो दोनदा म्हणून पाहिला आणि बुलेटला किक मारली.

ती रांगेत मध्येच कुठेतरी होती. बाईंनी तिला तीनदा चढवलं, कारण ती तशीच उभी राहते हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. तिन्ही वेळा बाई खाली बसून, चष्मा कपाळावर ढकलून बघत होत्या. मग ओरडल्या, "एक्केचाळीस पॉइंट पाच!" मी वाकून काटा बघितला. मला अडतीस दिसले. मी एक्केचाळीस पॉइंट पाच लिहिलं.

ती उतरताना हळूच म्हणाली, "साहेब, लग्नानंतर माझं नाव एवढ्या मोठ्यानं कुनी घेतलं नव्हतं. आता परत नका घेऊ."

एसटीनं चांदवड गाठलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "अडतीस पॉइंट तीन. महिन्यात तीन किलो गेलेत तिचे. सोमवारी दवाखान्यात न्यायची आहे."

"बाई, चूक झाली."

"चूक माझीही आहे. मला यादीत पटकन सापडावेत म्हणून मी पॉइंटाची खूण ठेवली होती. म्हटलं, एवढं बारीक कोण बघतंय. तुमच्यासारखा माणूस असू शकतो हे मी धरलंच नव्हतं." आणि त्या इतक्या हसल्या, की कंडक्टरनं वळून पाहिलं.

त्यानंतर त्या गावात सगळ्यांचं वजन पॉइंटातच घ्यावं लागलं. बाईंना खूण बदलावी लागली. नवी खूण कोणती, हे मी शोधलं नाही. शोधायचं नाही असं ठरवून रजिस्टर वाचणं माझ्यासारख्याला किती जड जातं, हे ज्याचं त्यालाच कळेल.

ती त्या खेपेला वाचली. क्षय निघाला होता, त्याची औषधं मिळाली. पुढे काही वर्षांनी मूळ आजारावरच्या सरकारी गोळ्या फुकट मिळू लागल्या आणि दर महिन्याला नाशकाला जाणं आलं. खिचडीवाली बाई दर महिन्याला नाशकाच्या दवाखान्यात कशाला जाते, हा प्रश्न गावात आज ना उद्या निघणारच. बाईंनी पुन्हा तोच उपाय केला. एकीच्या गोळ्यांसाठी चौघी जणी वेगवेगळी दुखणी घेऊन बरोबर निघत. एकीचे गुडघे, एकीची कंबर, एकीचे कान. सरपंचाच्या आईला बाईंनी दात दिले होते. म्हातारीच्या तोंडात तीन दात होते आणि तिन्ही उत्तम होते. तिला आपण खरंच दातांसाठी जातो असं वाटतं, अशी बाईंची समजूत होती. "भोळी आहे म्हातारी," त्या मला म्हणत. "काही विचारत नाही. सांगितलं की निघते."

एकदा मीही बाईंबरोबर दवाखान्यात होतो. ती गोळ्यांच्या खिडकीपुढच्या रांगेत होती. गुडघे, कंबर आणि कान आपापल्या डॉक्टरांकडे गेले होते. त्या दिवशी खिडकी उशिरा उघडली. अडीच वाजले, आणि साडेतीनची गाडी चुकली तर पुढची साडेपाचला. बाई घाईनं उठल्या आणि म्हातारीला म्हणाल्या, "चला आजी, तुमचा नंबर लागला असेल. दात दाखवून येऊ."

म्हातारी बाकावरून हलली नाही. तिनं रांगेकडे मान उडवली. "तिच्या गोळ्या भेटल्या का?"

बाई उभ्याच राहिल्या. "कुठल्या गोळ्या?"

"त्याच वो. महिन्याच्या. पोरगी बरी दिसाया लागली आता, गाल भरले. एक बी दिवस चुकवू नको म्हनावं." म्हातारी इकडे-तिकडे बघून आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्या पोराला नका सांगू. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाय. आमा बायांना म्हाईत हाय."

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"ह्ये साहेब पारावर नाव वरडले ना, तवापासून."

 बाई म्हातारीशेजारी बाकावर बसल्या. बाक करकरला.

"म्हणजे... त्या गुडघेवाल्या?" त्या हळूच म्हणाल्या. "आणि गिरणीवाल्याची बायको, कानवाली?"

"तिचा कान चांगला हाय. तुमी नाशकाला हळू बोललं तरी तिला गावात ऐकू येतं." म्हातारीनं पदर सारखा केला आणि काठीला धरून उठली. "पन बाई, एक काम करा. पुढच्या महिन्याला मला डोळ्याचं सांगा. त्यो दातवाला डाक्टर आता वळखाया लागला."